अर्धवट आंबट नको: आंबवण, लोणचं आणि वाळवणात जंतूंना सराव मिळू नये म्हणून काय करावं

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्याच दिवसांत गच्च्यांवर बिबडे (आंबवलेल्या ज्वारीचे पापड) आणि कुरडया पडतात, कैरीचं लोणचं घातलं जातं, घरोघरी ताक होतं. एवढ्या उन्हाळ्यात हे पदार्थ टिकतात ते बरंचसं आंबटपणामुळे. "आंबट आहे, बिघडणार नाही" हे आपण सर्रास म्हणतो आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण पदार्थ पुरता आंबट झाला नाही, किंवा आंबट व्हायला त्याने फार वेळ घेतला, तर साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया यांसारखे जंतू त्या सौम्य आंबटपणात मरत नाहीत. ते तिथे आम्ल सोसायला तयार होतात. पुढे तुम्ही कितीही लिंबू पिळा, त्यांना फारसा फरक पडत नाही.

म्हणून घरी करणाऱ्यांनी आणि विक्रीसाठी करणाऱ्या बचत गटांनी एवढं धरून चालावं: आम्ल द्यायचं ते एकदम आणि पुरतं. हळूहळू, थेंबाथेंबाने नाही.

जंतू तयार होतात म्हणजे काय होतं

आंबटपणा पीएच या मापाने मोजतात. साधं पाणी ७, दूध ६.६ च्या आसपास, चांगलं लागलेलं दही ४.५ च्या खाली, लिंबाचा रस २ ते २.५. आकडा जितका खाली, तितकं आंबट. खाली उतरणारी प्रत्येक एक पायरी म्हणजे दहापट जास्त आम्ल.

साल्मोनेला पीएच ५.८ च्या सौम्य आंबट पाण्यात थोडा वेळ राहिला, एकदा दुभंगून दुप्पट होण्याइतका, की मग त्याला ३.३ च्या कडक आम्लात टाकलं तरी त्याचे जंतू बिनसरावाच्या जंतूंपेक्षा शेकडो पटींनी जास्त संख्येने जिवंत राहतात, हे प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारासच दिसलं आहे. या तयारीत अनेक गोष्टी एकत्र चालतात. आत शिरलेलं आम्ल उपसून बाहेर टाकणारे पंप पेशीच्या आवरणात असतात. ई. कोलायकडे आणखी एक युक्ती आहे. तो ग्लुटामेट नावाचं अमिनो आम्ल आत ओढतो, त्यावर एक आम्लकण खर्ची घालतो आणि बनलेला पदार्थ बाहेर सोडतो. पूर आलेल्या घरातून बादलीबादलीने पाणी काढावं तसंच हे. याच्या जोरावर तो पीएच २ ते २.५ मध्ये, म्हणजे आपल्या जठरातल्या आम्लातही, काही तास तग धरतो. शिवाय आवरणातल्या चरबीची रचना बदलते, आणि बिघडलेली प्रथिनं सावरणारी मदतनीस प्रथिनं आधीच तयार होऊन बसतात.

ही मदतनीस प्रथिनं फक्त आम्लापुरती कामाला येत नाहीत, आणि स्वयंपाकाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आम्लाला सरावलेला जंतू उष्णतेलाही जास्त टिकतो, मिठालाही टिकतो. उपाशी, थकलेले, खरकट्यावर वाळलेले जंतू ताज्या वाढणाऱ्या जंतूंपेक्षा चिवट असतात. एका अडचणीत मिळालेली शिकवण दुसऱ्या अडचणीत वापरली जाते. त्यामुळे थोडं लिंबू, थोडं मीठ, थोडं गरम अशी प्रत्येक गोष्ट थोडी थोडी केली तर संरक्षण वाढत नाही. तिन्ही पुरत्या आणि एकत्र केल्या तर मात्र जंतूला सावरायला वाव उरत नाही.

शेवटचा अडथळा आपलं जठर. उपाशीपोटी तिथला पीएच १.५ ते २.५ असतो, पण पोटभर जेवल्यावर तो ४ च्या वरही जातो. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचं हे आम्ल कायम कमी असतं. घरात अशी वयस्कर माणसं असतील, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल, तर पुढचं सगळं जास्त काटेकोरपणे पाळा.

मोजल्याशिवाय आंबट म्हणू नका

जिभेला पीएच ५ आणि ४.४ यातला फरक नीट कळत नाही, विशेषतः तिखट-मीठ पडल्यावर. आणि ४.६ ही रेषा फार मोलाची आहे. तिच्या वर क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू (त्याचं झोपेतलं, चिवट रूप) हवाबंद जागी उगवून विष करू शकतात. घरच्या पदार्थाचं लक्ष्य ४.६ न ठेवता ४.० किंवा त्याखाली ठेवा. लिंबं प्रत्येक वेळी सारखी आंबट नसतात, म्हणून एवढी फट हवीच.

पीएचच्या कागदी पट्ट्या स्वस्त आहेत, पण हळद आणि लाल तिखट त्यांचा रंग बिघडवतात. लोणच्यासाठी पेनसारखा छोटा पीएच मीटर घ्या. वापरण्याआधी तो पीएच ४ आणि ७ च्या द्रावणात जुळवा. लोणच्यातल्या फोडी आणि रस दोन्ही घ्या, वरचं तेल काढून टाका, मिक्सरमध्ये वाटा. फार घट्ट झालं तर १०० ग्रॅमला १० ते २० मिलि डिस्टिल्ड वॉटर घाला, त्याहून जास्त नको. नुसता रस मोजला तर आकडा फसवतो, कारण फोडीच्या पोटात आम्ल पोहोचायला वेळ लागतो. म्हणून पहिलं माप २४ तासांनी आणि दुसरं तीन दिवसांनी घ्या. तेल लागलेला मीटर चुकीचं सांगतो, तेव्हा दर मापानंतर तो सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा.

कोणतं आम्ल घ्यायचं

सारख्याच पीएचला सगळी आम्लं सारखी मारक नसतात. आम्लाचा जो भाग न फुटता अख्खा राहतो तोच जंतूच्या आवरणातून आत शिरतो, आणि आत गेल्यावर फुटतो. पीएच ४ ला व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल ८५ टक्के अख्खं असतं, दह्यातलं लॅक्टिक ४२ टक्के, लिंबातलं सायट्रिक जेमतेम १२ टक्के. चिंचेतलं टार्टारिक त्याहूनही कमी. कृतीत व्हिनेगर लिहिलं असेल तर त्याजागी तेवढ्याच आंबटपणाचं लिंबाचं फूल टाकून काम भागत नाही, ते यामुळे.

हिरवी मिरची, गाजर, फ्लॉवर यांचं व्हिनेगरचं लोणचं करायचं तर प्रमाण सोपं आहे. चिरलेली भाजी १ किलो, ५ टक्के आम्लाचं व्हिनेगर १ लिटर, मीठ ५० ग्रॅम. बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं असेल तर व्हिनेगर सव्वा लिटर घ्या. व्हिनेगर आणि मीठ उकळून, उकळतं असतानाच भाजीवर ओता. मिरच्या अख्ख्या असतील तर प्रत्येकीला उभी चीर द्या. बंद मिरचीच्या पोटात आम्ल दोन-दोन दिवस पुरतं जात नाही, आणि तोवर आतल्या जंतूंना नेमका तो सौम्य आंबटपणा मिळतो. व्हिनेगरमध्ये "चवीला फार लागतंय" म्हणून पाणी ओतायचं नाही. चव मऊ करायची तर साखर घाला, पाणी नको.

कैरीच्या लोणच्याचं काम सोपं. कैरी मुळातच ३ च्या आसपास असते, त्यात किलोला १८० ते २०० ग्रॅम मीठ. इथे बहुतेक चूक मिठाची होते. "हल्ली कमी खायचं" म्हणून मीठ ८०-१०० ग्रॅमवर आणतात आणि बरणी पूर्वीसारखीच वर्षभर कपाटात ठेवतात. मीठ कमी हवं तर लोणचं थोडं करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. वरचं तेल जंतू मारत नाही, हवा रोखतं. त्याने बुरशी थांबते, एवढंच.

ठेचा आणि तेलातला लसूण

ठेचा आंबट नसतो. हिरवी मिरची आणि लसूण दोन्ही ५.२ ते ६ च्या घरात. त्यावर अर्धं लिंबू पिळलं की तो ५ च्या आसपास येतो, म्हणजे जंतूंच्या सरावासाठी अगदी सोयीचा. कळण्याच्या भाकरीबरोबर त्याच दिवशी संपवायचा असेल तर काहीच हरकत नाही. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. पण ठेच्यावर किंवा सोललेल्या लसणावर तेल ओतून बाटली ओट्यावर ठेवणं धोक्याचं आहे. आत हवा नाही, आम्ल नाही, बाहेर ४० अंश. बॉट्युलिनमला याहून चांगली जागा मिळायची नाही, आणि त्याच्या विषाने वास किंवा चव बिघडेलच असं नाही. ठेचा बाटलीत भरून विकायचा असेल तर व्हिनेगर घालून, वाटून, मोजून ४.० च्या खाली आणा. अंदाजाने नाही.

बिबडे आणि कुरडया: खरी काळजी इथे

कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजतात, बिबड्यासाठी ज्वारी दोन-तीन दिवस आंबते. या पाण्यात काय घडतं ते समजून घ्या. पहिल्या दिवशी धान्यावरचे सगळेच जंतू वाढतात, त्यात आतड्यातल्या जंतूंचे भाऊबंदही असतात. पाण्यावर फेस येतो, बुडबुडे येतात. मग आम्ल करणारे लॅक्टिक जंतू जोर धरतात आणि पीएच ६.५ वरून ५ कडे, पुढे ४ कडे उतरतो. हा ६ ते ५ चा उतार जितका लांबेल, तितकी नको त्या जंतूंची शाळा लांबते.

त्यात आपण रोज सगळं पाणी बदलतो. वासासाठी ते गरजेचं वाटतं, पण प्रत्येक वेळी कमावलेलं आम्ल मोरीत जातं आणि उतार परत वरून सुरू होतो. त्याऐवजी असं करा:

गहू किंवा ज्वारी चार-पाच पाण्यांनी, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. किलोभर धान्याला उकळून गार केलेलं दोन लिटर पाणी घ्या. ज्या गावांत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे साठवलेल्या टाकीचं पाणी तसंच वापरू नका. या हंगामातल्या आधीच्या, चांगल्या निघालेल्या घाण्याचं आंबट पाणी २०० मिलि त्यात घाला. हे विरजणच समजा. भांडं सावलीत, झाकून ठेवा. पाणी बदलताना जुन्यातलं निदान दहावा हिस्सा मागे ठेवा. चोवीस तासांनी मोजा. ४.५ च्या खाली आलं असेल तर उत्तम. ५ च्या वरच असेल, वास शेणासारखा किंवा नासक्या अंड्यासारखा येत असेल, पाण्याला तार सुटत असेल, तर तो घाणा टाकून द्या. आंबवणाचा चांगला वास ताकासारखा स्वच्छ आंबट असतो.

पुढे चीक (भिजलेल्या गव्हाचं सत्त्व) किंवा घाटा (आंबलेल्या ज्वारीचं पीठ) शिजवणं हे आपलं मोठं संरक्षण. उकळी फुटल्यावर झाकण ठेवून, तळापासून ढवळत, मंद आचेवर आणखी दहा मिनिटं. मोठ्या पातेल्यात कडेचा घाटा रटरटत असतो आणि मधला गोळा कोमटच राहिलेला असतो. चकाकी सगळीकडे सारखी आली पाहिजे, पळीने मधून उकरून पाहा. मुलांना द्यायचा चीक गरमागरमच द्या, झाकून दुपारपर्यंत ठेवू नका.

आता घाटा शिजला, जंतू मेले, आणि बहुतेक घोटाळा इथून पुढे होतो. बिबडे थापणाऱ्या बाया शेजारी पाण्याचं एक पातेलं घेऊन बसतात. हात बुडवायचा, थापायचा, परत बुडवायचा. तासाभरात त्या पाण्यात घाट्याचा अंश उतरतो, ते पांढुरकं, किंचित आंबट आणि अंगाएवढं कोमट होतं. प्रत्येक हाताचे जंतू त्यात येतात आणि तिथून प्रत्येक बिबड्यावर जातात. हे पाणी दर अर्ध्या तासाने फेका, भांडं घासा, उकळून गार केलेलं नवीन घ्या. बोटाला कापलेलं, नखुरडं झालेलं, फोड आलेला असेल तर त्या बाईने थापायला बसू नये. घाटा ढवळावा, तीळ निवडावेत. जखमेतला स्टॅफिलोकॉकस हा जंतू अन्नात वाढून विष सोडतो, आणि ते विष नंतर तळूनही जात नाही.

वाळवण पातळ हवं आणि वेगात हवं. स्टॅफिलोकॉकसला बाकी जंतूंपेक्षा फार कमी ओल पुरते, म्हणून अर्धवट सुकलेला बिबडा त्याच्या सोयीचा. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत वरून-खालून कोरडा लागला पाहिजे, म्हणून दुपारी उलटा. अवकाळीचे ढग आले तर थापायलाच घेऊ नका. मध्येच आले तर आत आणून पंख्याखाली एकेक सुटा पसरा, थप्पी लावू नका. बचत गटाकडे ड्रायर असेल तर ५५ ते ६० अंश. कट्कन मोडला तरच डब्यात.

दही

दूध उकळून ४२ ते ४५ अंशांवर आणा, लिटरला २५ ग्रॅम ताजं विरजण. चार ते सहा तासांत लागलं पाहिजे. लागलं की लगेच फ्रिजमध्ये. मे महिन्यात अडचण नसते. पौषात रात्री गारठा असतो तेव्हा दूध रात्रभर ६ आणि ५ च्या मध्ये रेंगाळतं, म्हणून तेव्हा कॅसरोलमध्ये विरजा, गोधडीत गुंडाळा, विरजण ४० ग्रॅम करा. आठ-दहा तासांनीही पातळच राहिलं तर ते पुढचं विरजण म्हणून वापरू नका आणि खाऊही नका. ताकात मात्र पाणी प्यायचंच घाला.

कढी फुटेल या भीतीने बरेच जण ती नुसती कोमट करून उतरवतात. बेसन नीट घोटून लावलं तर कढी फुटत नाही. ढवळत राहा आणि उकळी येऊ द्या.

गरम करायचं ते पुरतं

४५ ते ५० अंश ही जंतूंसाठी तालीम आहे. तिथे थोडा वेळ राहिले की ते उष्णतेची तयारी करतात आणि मग मरायला जास्त वेळ घेतात. सकाळचं वरण चुलीच्या कडेला तासभर शेकत ठेवणं, शेवभाजीचा रस्सा मंद विस्तवावर हळूहळू तापवणं, यात तेच होतं. मोठ्या आचेवर पटकन तापवा, सगळीकडून वाफ आणि उकळी आली पाहिजे. अन्नाच्या गाभ्यात ७० अंश दोन मिनिटं हे किमान. भरिताच्या पार्टीत शंभर माणसांचं भरीत एका घमेल्यात काढून ठेवलं तर ते दोन तास कोमटच राहतं. वांगं आंबट नाही, त्यामुळे ते लहान भांड्यांतून लागेल तसं काढा, उरलेलं आचेवर ६० अंशांच्या वर ठेवा.

शिजलेलं अन्न बाहेर किती वेळ? एरवी दोन तास. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, म्हणजे खानदेशात फाल्गुनापासून मृगापर्यंत दिवसा एकच तास धरा. भात ताटात पसरून गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा; त्यातल्या बॅसिलस या जंतूचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, आणि त्याचं उलटी आणणारं विष फोडणी देऊनही तसंच राहतं.

फ्रिजबद्दल एक उलटी गोष्ट

थंडीत बहुतेक जंतू वाढत नाहीत, पण आम्लाने लवकर मरतही नाहीत. गार लोणच्यात ई. कोलाय बाहेरच्या लोणच्यापेक्षा जास्त दिवस जिवंत राहतो. म्हणून वर दिलेलं व्हिनेगरचं लोणचं केल्याकेल्या फ्रिजमध्ये ढकलू नका. दोन-तीन दिवस बाहेर, घट्ट झाकून, आम्लाला त्याचं काम करू द्या, पीएच मोजा, मग आत ठेवा. हे फक्त मोजून पुरत्या आंबट निघालेल्या लोणच्याला लागू. ठेचा, कोशिंबीर, शिजलेल्या भाज्या यांना नाही. आणि लिस्टेरिया फ्रिजमध्येही वाढतो, मिठातही वाढतो, तेव्हा फ्रिजमध्ये आहे म्हणून कोशिंबीर तीन दिवस ठेवायची नाही. वीज गेली तर दार उघडू नका. चार तासांच्या वर गेली असेल तर दूध आणि शिजलेलं अन्न काढून टाका.

कोरडं तिखट

नंदुरबारकडे मिरची पथारीवर उघड्यावर वाळते. वाळलेल्या तिखटात साल्मोनेला वाढत नाही, पण महिनोनमहिने झोपून राहतो, आणि कोरड्या अवस्थेत तो उष्णतेला कमालीचा चिवट असतो. जर्मनीत १९९३ मध्ये पेपरिकाची, म्हणजे लाल मिरचीचीच, पूड लावलेल्या बटाट्याच्या वेफर्समुळे सुमारे हजार जण आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. पाकिटात जंतू फारच थोडे होते. वेफर्समधल्या चरबीने त्यांना जठराच्या आम्लापासून वाचवलं असावं असा निष्कर्ष निघाला. म्हणून कच्चं तिखट दह्यावर, ताकावर, भरितावर भुरभुरू नका. गरम तेलाच्या फोडणीत घाला किंवा रस्सा शिजत असतानाच टाका.

धुणं आणि पुसणं

भाजी लिंबाच्या किंवा चमचाभर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची चाल अलीकडे फार पसरली आहे. ती सोडा. एवढ्याने जंतू मरत नाहीत, त्यांना तेवढा सराव मिळतो. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. कच्ची खायची कोथिंबीर, काकडी, पातीचा कांदा यांना लिटरभर पाण्यात ४ टक्के, बिनवासाचं, खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारं सोडियम हायपोक्लोराइट अडीच मिलि, पाच मिनिटं, मग साध्या पाण्याने दोनदा. हायपोक्लोराइट आणि व्हिनेगर किंवा लिंबू कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि छातीत भरतो.

दह्याचं, आंबवणाचं, चिकाचं भांडं नुसतं विसळून परत वापरात घेऊ नका. कडेला राहिलेल्या आंबट थरात जंतू चिकटून थर करून बसतात, आणि तिथले जंतू आम्लाला आधीच सरावलेले असतात. साबणाने घासा, खळखळतं पाणी ओता, उन्हात उपडं घाला. घाटा गाळायचं आणि बिबडे घालायचं फडकं रोज साबणाने धुऊन दहा मिनिटं उकळा आणि कडक उन्हात वाळवा. रात्रभर ओलं, चुरगळलेलं राहिलं असेल तर सकाळी पहिल्या घाण्याआधी पुन्हा उकळा.